बंदी घातलेल्या गोलंदाजाचे अंपायर

शंकर नगरातले अंपायर काका उत्तर देण्याआधी जरा थांबतात, जणू समोरच्याने अपील केलं आहे. पैसे घेऊन मुद्दाम नो-बॉल टाकणाऱ्या एका व्यावसायिक गोलंदाजाची तक्रार त्यांनीच केली आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. मला ही शिक्षा म्हणजे थट्टा वाटते. आजन्म बंदी हवी, हे मी पत्रकं वाटून सांगत असते. आता त्या गोलंदाजासोबत सरावाला कोणी येत नाही, पण काका रोज सकाळी मैदानावर त्याच्यासाठी उभे असतात. काल मी जाऊन विचारलंच.

"काका, तुम्हीच पकडून दिलं ना त्याले?"

"हव."

"मंग काहून त्याचे लाड करून राहिले?"

काका थांबले. "शिक्षा दोन वर्षांची हाय. तेवढ्यात हात जाम झाला, तर जन्माचीच होईन. तेवढी कोणी सुनावली नाही त्याले."

"आणि पुन्हा तेच केलं तर?"

"मंग पुन्हा मीच सांगीन, पोरी." आणि ते अंपायरच्या जागी, स्टंपमागे जाऊन उभे राहिले.

गोलंदाज धावत आला. काका चेंडूकडे पाहतच नव्हते. त्याचा पाय जिथे पडणार त्या रेषेवर डोळे लावून, श्वास रोखून उभे होते. मीसुद्धा तिथेच पाहत होते.