तिच्या मांडवातले कूलर आणि माझी बोडी

मागच्या आठवड्यात, तिच्या हळदीच्या दिवशी पहाटेच मी तिच्या मांडवात घुसलो होतो. गावात जे सांगून राहिलेत ते अर्धंच खरं आहे... म्हणून लिहितोय.

गोंदिया जिल्ह्यात, आमगावकडे आमचं गाव. बीएस्सी मधेच सोडून मी घरामागच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहान तळ्यात, कटला आणि रोहू मासे टाकले. तीच म्हणाली होती, काहीतरी करून दाखव, मग घरी बोलते. मासे मोठे व्हायच्या आधीच तिचं लग्न जमलं... माझ्याकडे उरले फक्त मासे.

त्यात नवतपा, मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस. बोडीचं पाणी छातीवरून कमरेवर आलं, दुपारी तर अंघोळीला काढल्यासारखं गरम. खाद्य कमी केलं, एका कोपऱ्यात जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, बांबूने अडवून सावली केली. तरी पहाटे पहाटे पाण्यातली हवा संपते... मग मोटार लावून विहिरीचं पाणी उंचावरून फवारायचं, एवढाच इलाज.

त्या पहाटे सगळे मासे वर आले होते. बोडीभर नुसती उघडी तोंडं... मी बटन दाबलं तर मोटार जागच्या जागी गुरगुरली. व्होल्टेजच नाही.

तिचं घर आणि माझी मोटार एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. मांडवात मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे पाहुणे झोपलेले आणि चारी बाजूंनी भाड्याचे मोठे कूलर सुरू. माझं डोकं फिरलं... चिखलाच्या पायांनी तसाच गेलो.

तिच्या भावाने सरळ कॉलरच धरली. "आज तरी तमाशा नको करू बे."

"कूलर बंद करा. माहे मासे मरून राहिले."

"मासे मरून राहिले का तूच मरून राहिला?" कोणीतरी गादीवरूनच बोललं. सगळे हसले. कॉलर भावाच्या हातात, तरी मी त्याच्यावर धावून गेलो... इथपर्यंतचं खरं आहे.

तेवढ्यात ती बाहेर आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोर्डापाशी गेली आणि एकेक करत सगळी बटनं बंद केली.

"अरे, कूलर किसने बंद किया?" तिचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, उठून बसले.

"मैंने किया फुफाजी. थोड़ी देर गमछे से हवा कर लो."

भावाचा हात आपोआप सुटला. मी पळत आलो, बटन दाबलं, मोटार लागली. पाणी उडायला लागलं... पण तोवर कटले उलटे झाले होते. हवा कमी पडली की कटला आधी जातो. सगळ्यात मोठे तेच होते. त्यांच्याच भरवशावर मी कधीतरी तिच्या बाबांसमोर बसणार होतो.

रोहू बरेचसे वाचले. तिकडे हळदीची गाणी लागली तेव्हा मी कटले टोपल्यात भरून खड्ड्यात टाकत होतो.

आता मांडव निघाला, कूलर गेले, तीही गेली. मोटार पहाटे पहिल्याच बटनाला सुरू होते... कोणाशी भांडायलाच उरलं नाही.

वाचलेल्या रोहूंसाठी तिला थँक्यू म्हणायचं होतं. पण माझ्या अंगाला मेलेल्या माशांचा वास होता... आणि तिला हळद लागत होती.