सात पूर्वज, एक गाय आणि अणदूरचा फिरता देव

"आत्या, लगेच ये! आयगुलच्या वडिलांना आपल्या सात पूर्वजांची नावं हवीत, नाहीतर लग्न नाही!"

फोन भाच्याचा. संदीप कझाकस्तानात डॉक्टर झाला, आयगुलच्या प्रेमात पडला आणि तिला घेऊन बेंबळीला, माझ्या माहेरी आला होता. घरात वयानं मोठी मीच. पण मला मावशीनं सोलापूरच्या कॉन्व्हेंटात घातलेलं. येशूचे पूर्वज अजून पाठ आहेत. आमचे मात्र पणजोबांपाशी खलास. तरी निघाले.

पुण्याहून सोलापूरपर्यंत रस्ता गुळगुळीत. तिथं कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घ्या. बेंबळीच्या रस्त्याला लागलात, की कंबर सांभाळा.

"श्राद्धाला बाप, आजा, पणजा एवढीच नावं लागतात," धाकटा भाऊ, संदीपचा बाप बाळू म्हणाला. "त्याच्या वरले समदे देवात जमा. मग थेट गोत्राचा ऋषी."

"मधली माणसं कुठं गेली?" आयगुलनं संदीपकडून शिकलेल्या मराठीत विचारलं. त्यांच्याकडे ज्याला सात पूर्वज ठाऊक नाहीत तो अनाथच. मेलेले पूर्वज नावानिशी पाठीशी उभे राहतात, माणसाला राखतात. आमचे देवात विरघळतात, नाहीतर शेजारी पुन्हा जन्म घेऊन आमच्याशीच बांधावरून भांडतात.

दुसऱ्या दिवशी अणदूरच्या खंडोबाला साकडं घालायला गेलो. हा देव वर्षातले जवळजवळ दोन महिने नळदुर्गला मुक्कामाला असतो, मूर्ती वाजतगाजत नेतात, हे ऐकून आयगुल हरखली.

"आमचे लोक पण असेच कुरणं बदलायचे! पण आमचा देव म्हणजे आभाळ. तो न्यावा लागत नाही."

"आभाळ देव?" बाळूनं वर पाहिलं. "मग पावसाळ्यात देव गळतो व्हय?"

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. रेंज फक्त गोठ्यात. पडद्यावर आयगुलचे वडील, मागं घोडे. बाळूनं तीन नावं घेतली आणि अडला. संदीपचा चेहरा पडला. तेवढ्यात मागं गाय हंबरली. वडिलांनी काहीतरी विचारलं.

"ही कोण, म्हणतात," आयगुल म्हणाली.

बाळूचा जीव भांड्यात पडला. "ही चांदी. हिची आई मैना, तिची हरणी, तिची कपिला, तिची मोरी, तिची गंगी. गंगीच्या दुधावर आमचा संदीप वाढला. तिची आई मथुरा, तिची पवळी. पवळी आज्यानं बाजारातनं आणली!"

आयगुलनं भाषांतर केलं. वडिलांनी बोटांवर मोजलं, गडगडून हसले आणि आपल्या घोडीच्या आया सांगू लागले. दम लागल्यावर थांबले.

"म्हणतात," आयगुलचे डोळे भरले होते, "जो गाईच्या सात आया विसरत नाही, तो माझ्या लेकीला विसरणार नाही."

पुण्यात परतले. बाळूच्या गाईंच्या यादीत एकही बाप नव्हता, हे गाडीतच ध्यानात आलं होतं. येशूच्या यादीत जवळजवळ सगळे बापच. घरी बसून माझ्या आयांची नावं म्हणून पाहिली: सुभद्रा, तिची आई कोंडाबाई. पुढं कुणीच नाही.

रविवारी संदीपचा फोन आला, पुन्हा रडकुंडीला. दोघे व्याही तासभर बोलत होते. घोडी, गाय, वासरू, शिंगरू, सगळं झालं. लग्नाच्या तारखेचं कुणी नावच काढलं नाही.