दोनशे चौदा नंबरची खुर्ची

इसम नामे गोपाळ शिवराम धकाते, वय एकसष्ट वर्षे, राहणार तांडापेठ, नागपूर, मूळ गाव उमरेड. बांधा मध्यम. ओळखीची खूण : उजव्या हाताची बोटे दुसऱ्या पेरापर्यंत तपकिरी, धुतल्याने जात नाहीत (समक्ष धुऊन पाहिली). शिक्षण सातवी. व्यवसाय : रंगारी. प्रवर्ग : अकुशल. गुन्हेगारी पूर्वेतिहास : निरंक. ताब्यातील शासकीय मालमत्ता : निरंक. चारित्र्य : समाधानकारक. सबब, हिवाळी अधिवेशनाच्या कामाकरिता प्रवेशपत्र देण्यास हरकत नसावी.

या मजकुरातलं नाव, वय आणि पत्ता बरोबर आहे. बोटंही बरोबर आहेत. स्पिरिटात विरघळवलेली लाख चाळीस वर्षं चोळली की बोटांचा रंग तोच होतो आणि साबण कंपन्यांचा दावा तिथे थांबतो. पण गोपाळराव रंगारी कधीच नव्हते. ते पॉलिशवाले. रंगारी लाकूड झाकतो, पॉलिशवाला दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याला हा फरक कळत नाही त्याला ते समजावत बसत नाहीत. त्याच्या घरातल्या टेबलाकडे एकदा बघतात आणि चहा पितात.

डिसेंबरात सरकार मुंबईहून नागपूरला येतं. ते येण्याआधी त्याचं फर्निचर उजळावं लागतं. शहरातल्या एका सरकारी विश्रामगृहात हे काम गोपाळराव सत्तावीस वर्षं करत होते. ठेकेदार बदलले, मंत्री बदलले, सरकारंही बदलली. खुर्च्या त्याच राहिल्या आणि त्या घासणाराही तोच. या कामासाठी पोलिसांनी तपासलेला पास लागतो. पास असला की माणूस आत जातो, आणि आत गेला की बाहेर सांगता येतं, ‘मंत्र्याचं टेबल मीच केलं.’ धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंतची घरगुती कामं गोपाळरावांना वर्षभर या एका वाक्यावर मिळत. म्हणजे पास गेला तर डिसेंबर जाईल आणि डिसेंबराच्या मागोमाग बाकीचे अकरा महिने.

सरकारी खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर असतो. पॉलिश करायचं तर जुना थर खरवडावा लागतो, आणि थराबरोबर नंबर जातो. नंबर गेला की खुर्ची असली तरी नसते. म्हणून गोपाळरावांची एक पद्धत होती. खरवडण्याआधी खुर्ची उलटी करायची, बैठकीच्या खाली पेन्सिलीने नंबर लिहायचा, मग तोच वहीत. मग खरवडणं, पॉलिश पेपरने घासणं, चिरांमध्ये खडूची पावडर आणि गेरू, आणि मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने लाखेचे आठ हात. सगळ्यात शेवटी बारीक ब्रशने नंबर पुन्हा पाठीवर, आणि वहीत टिक. ही पद्धत त्यांना वडिलांकडून आली होती. उमरेडला वडिलांचा हातमाग होता. लुगडं मागावरून उतरवण्याआधी ते आतल्या काठाला एक गाठ मारत. बाजारात हजार लुगड्यांत आपलं कोणतं, हे गिऱ्हाइकाला कळलं नाही तरी विणणाऱ्याला कळावं म्हणून.

मागच्या डिसेंबरात विश्रामगृहात सुमंत वैरागडे नावाचे नवे अधीक्षक बदलून आले. त्यांच्या खोलीतल्या खुर्चीचा पाय आदल्याच दिवशी निघाला होता. व्हरांड्यात वाळत ठेवलेल्या खुर्च्यांमधली एक त्यांनी बोटाने दाखवली. सागवानी, हातांवर गोलाई असलेली, उजव्या हातावर कावळ्याच्या डोळ्याएवढी गाठ.

“ही आत घ्या.”

“साहेब, ओली हाय. नंबर बी टाकाचा हाय.”

“नंबर उद्या टाका. मी आज उभ्यानं सह्या करू का?”

खुर्ची आत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत मंत्र्यांची बैठक बसली, बाहेर बंदूकधारी उभा राहिला, आणि नंबर टाकण्यासाठी बैठक थांबवावी असं कोणालाच वाटलं नाही. अधिवेशन संपलं तेव्हा गोपाळरावांचा पासही संपला. गोपाळरावांच्या वहीत एकशे बारा आकड्यांपुढे टिक झाली. २१४ पुढे झाली नाही.

मार्चमध्ये भांडारपाल सरिता नंदनवार यांनी वार्षिक पडताळणी केली. सरिताबाई वस्तू नंतर बघतात, नंबर आधी. अधीक्षकांच्या खोलीत त्यांना एक बिननंबरी खुर्ची दिसली. ती साहेबांनी घरून आणली असावी असं समजून त्या अदबीने पुढे गेल्या. खुर्ची क्रमांक २१४ मात्र कुठेच मिळाली नाही. त्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. नोटिशीवर वैरागडेसाहेबांनी सही केली. बसून केली.

जूनमध्ये रितिका नावाची एक मुलगी गोपाळरावांना शोधत तांडापेठेत आली. ती धरमपेठेत कॅफे काढत होती. कॅफेचं नाव ‘आवक-जावक’, सजावट जुन्या सरकारी कचेरीसारखी, मेनू लाल फितीच्या फायलीत. आंब्याच्या लाकडाच्या बारा नव्या खुर्च्या तिने आणून ठेवल्या होत्या.

“काका, आधी गडद स्टेन, त्यावर निळा पेंट, आणि तो वाळला की कडा घासून टाकायच्या. खालचं लाकूड दिसलं पाहिजे.”

“लाकूडच दाखवाचं हाय तं रंग काहून लावता?”

“म्हणजे ती जुनी वाटेल ना!”

“ताई, मी जुन्याची नवी करतो. चाळीस वर्षं झाले. नव्याची जुनी करा म्हननारी तुमीच पयली.”

“मग सोपंच आहे की. फक्त उलटं करायचं.”

गोपाळरावांनी उलटं केलं. आधी रंगवलं, मग जिथे माणसाचा हात दहा-वीस वर्षांत घासला असता तिथे एका दुपारात घासलं. कुठे घासायचं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? खुर्च्या इतक्या खऱ्या जुन्या झाल्या की रितिकाने फोटो काढता काढता टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, मागे पांढरा नंबर हवा, सरकारी असतो तसा.

“कोनता?”

“कोणताही.”

गोपाळरावांनी आयुष्यात ‘कोणताही’ नंबर टाकला नव्हता. नंबर वरून येतो, आपण फक्त पुन्हा काढतो, एवढंच त्यांना माहीत. बराच विचार करून त्यांनी एकपासून सुरुवात केली. अकरा खुर्च्या झाल्यावर रितिका म्हणाली, “काका, हे बालवाडीसारखं वाटतंय. काउंटरजवळच्या खुर्चीला तरी मोठा आकडा टाका.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. अख्ख्या वहीत टिक नसलेला एकच आकडा होता. तो त्यांनी बाराव्या खुर्चीच्या पाठीवर सुरेख अक्षरांत काढला, सवयीने वर विश्रामगृहाची आद्याक्षरंही टाकली, आणि वहीत टिक केली. सहा महिन्यांनी त्यांना जरा बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये सरिताबाईंची भाची अश्लेषा हिने वाढदिवसाची कॉफी पाजायला आत्याला याच कॅफेत नेलं. आत्या काउंटरजवळ थांबली, वाकली, तिने चष्मा पुसला आणि खुर्ची दोन्ही हातांनी धरली.

“आत्या, सोड ना. लोक बघून राहिले. दुसऱ्याची खुर्ची आहे ती.”

“दुसऱ्याची नाही वं. आपली आहे.”

त्यांनी आठ फोटो काढले. कॉफी घेतली नाही.

चौकशीचं पत्र तांडापेठेत पोचलं ते सप्टेंबरात. सत्यवतीबाईंनी, म्हणजे गोपाळरावांच्या पत्नीने, ते दोनदा वाचलं.

“काय केलं तुमी?”

“राह्यलेला नंबर टाकला.”

“दुसऱ्याच्या खुर्चीवर?”

“नंबर तं बरोबर होता.”

“बरोबर होता म्हनूनच बलावलं ना बाप्पा! चूक असता तं कोन इचारलं असतं? अन पासाचं काय आता?”

गोपाळरावांनी धुतलेला सदरा घातला. बोटं धुतली नाहीत. त्याचा उपयोग नसतो.

वैरागडेसाहेबांच्या टेबलापुढे निळी खुर्ची पुरावा म्हणून ठेवली होती. रितिकाने ती हसत दिली होती आणि गोपाळरावांना फोन करून तशीच दुसरी मागितली होती. सरिताबाई रजिस्टर उघडून बसल्या होत्या. गोपाळराव दारातून आत आले आणि त्यांची नजर आधी साहेबांच्या कोपराखाली गेली. उजव्या हातावर कावळ्याचा डोळा.

“धकाते,” साहेब म्हणाले, “दोनशे चौदा बाहेर कशी गेली?”

“गेलीच नाही साहेब.”

“मग ही काय आहे?”

“हे आंब्याचं लाकूड हाय. नवं. दोनशे चौदा सागवानी हाय.” गोपाळराव टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. “साहेब, तुमी जरासे उठता का?”

“कशाला?”

“तुमी तिच्यावर बसून राहिले.”

साहेब उठले. त्यांनी आधी खुर्चीकडे आणि मग सरिताबाईंकडे पाहिलं. गोपाळरावांनी खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खाली पेन्सिलीने, थोडं फिकट, २१४.

सरिताबाईंनी रजिस्टर वाचून दाखवलं. नोंद अशी : ‘खुर्ची, लाकडी, हातांची, एक.’ लाकूड कोणतं ते लिहिलेलं नव्हतं. नियम असा, की क्रमांक ऑइलपेंटने, ठळक आणि दर्शनी भागी असावा. पेन्सिलीबद्दल नियम गप्प होता.

“म्हणजे नियमाने निळी खुर्ची दोनशे चौदा,” सरिताबाई म्हणाल्या. सहा महिने नोटीस भोगलेल्या माणसाने सापडलेली वस्तू सहजासहजी हातची सोडू नये, हे योग्यच आहे.

“मॅडम, पाच मिनिटांचं काम हाय. ब्रश आनला मी. हिच्यावर टाकतो, तिच्यावरचा पुसतो.”

“शासकीय क्रमांक पुसायला वरून मंजुरी लागते. आणि पुसला, तर तो आधी तिथे कसा आला ते लिहावं लागेल. म्हणजे तुम्ही सरकारी नंबर खासगी खुर्चीवर टाकला, असं. मग पास विसरा.”

साहेब खिडकीकडे जाऊन आले. जिच्यावर आपण नऊ महिने बसलो ती खुर्ची हरवल्याची नोटीस आपणच काढली, हे वर कळवायची त्यांची इच्छा नव्हती. परत येऊन त्यांनी उभ्यानेच मसुदा सांगितला आणि सरिताबाईंनी तो उतरवून घेतला : ‘खुर्ची क्रमांक २१४ ही पॉलिशकरिता आवाराबाहेर नेण्यात आली होती. ती विलंबाने परत मिळाली असून सुस्थितीत आहे. प्रकरण बंद करण्यात यावे.’ चोरी नाही, खोटा नंबर नाही, नोटीस नाही. खाली गोपाळरावांची सही हवी होती.

गोपाळरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. पेन खाली ठेवलं.

“आता काय?” साहेब म्हणाले.

“हे ‘पॉलिश’ काढा साहेब.”

“अहो, तुमचाच पास वाचवून राहिलो मी! एका शब्दानं काय फरक पडतो?”

“हिच्यावरून हात फिरवा. अन मंग तिच्यावरून.”

साहेबांनी चिडून निळ्या खुर्चीवरून हात फिरवला आणि मग सागवानी खुर्चीवरून. दुसऱ्या खुर्चीवर हात थोडा जास्त वेळ राहिला.

“बाहेर नेली लिहा, उशीर झाला लिहा,” गोपाळराव म्हणाले. “पन हे मी पॉलिश केलं म्हनून माही सही नाही व्हनार. रंग लिहा.”

सरिताबाईंनी ‘पॉलिशकरिता’ खोडून ‘रंगकामाकरिता’ केलं. गोपाळरावांनी सही केली.

राहिली सागवानी खुर्ची. तिच्यावर नंबर नव्हता आणि आता तिच्यासाठी मोकळा नंबरही उरला नव्हता. नोंद नसलेल्या वस्तूवर अधिकाऱ्याने बसणं बरं दिसत नाही, म्हणून ‘बाहेरून आलेली वस्तू’ त्याच दिवशी आवाराबाहेर काढायचं ठरलं, आणि ती काढण्याचं काम समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगण्यात आलं. फाटकावर चौकीदाराने खुर्ची चारही बाजूंनी बघितली.

“नंबर कुठं हाय?”

“नाही.”

“मंग आपली नाही. जा.”

गोपाळरावांनी ती ई-रिक्षावर बांधली.

पास नोव्हेंबरच्या शेवटी आला. पोलिसांनी माहिती विश्रामगृहाच्या फायलीतून घेतली होती, आणि फायलीत ताजा कागद सप्टेंबरचा होता. म्हणून व्यवसाय ‘रंगारी’. रंगाऱ्याला कंपाउंडची भिंत मिळते. फर्निचर यंदा एका फवारणी मशीनवाल्याला गेलं. तो दिवसाला तीस खुर्च्या करतो आणि त्या सगळ्या काचेसारख्या चमकतात. गोपाळरावांनी चारशे फूट भिंत पिवळी केली. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशची रेघ नाही. तिसऱ्या दिवशी वैरागडेसाहेब पाठीला हात लावत भिंतीपर्यंत आले.

“धकाते, ती निळी फार डगमगते हो. आणि पँटीला रंग लागतो. जरा बघून देता का?”

“माहा पास भिंतीचा हाय साहेब,” गोपाळराव म्हणाले आणि ब्रश डब्यात बुडवला.

घरगुती कामं थोडी कमी झाली आहेत. कोणी विचारलं की ‘मंत्र्याची भिंत मीच केली’ असं सांगून पाहिलं; त्याचा तेवढा परिणाम होत नाही. रितिकाची मात्र आणखी दोन दुकानं निघत आहेत.

सागवानी खुर्चीला गोपाळरावांनी घरी लाखेचे आणखी चार हात दिले. ती स्वयंपाकघराच्या दाराशी असते. सत्यवतीबाई तिच्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलतात.