आईचं सोवळं

लखनौच्या मराठी मंडळात आईला फार मान होता. तो मान तिच्या आजारामुळे होता, हे मंडळाला ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

वडील रेल्वेत इंजिनिअर. बदली होत होत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लखनौला आलो आणि महानगर नावाच्या वस्तीत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. तिथं आईचं हात धुणं वाढलं. दाराच्या कडीला हात लागला की धू, माझं कॉलेजचं दप्तर हलवलं की धू. भाजीवाल्या भैयानं जिन्याखालच्या बादलीत भाजी ओतायची, वर पाऊल टाकायचं नाही. नोटासुद्धा ती धुवायची आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालायची. खालच्या मालकीणबाईंच्या मनात आमच्या धंद्याविषयी काय काय येऊन गेलं असेल कोण जाणे, पण लखनौचं माणूस असं तोंडावर विचारत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "भाभीजी के यहाँ बड़ी नफ़ासत है."

लखनौनं नफ़ासत, म्हणजे नाजूक टापटीप, म्हटलं आणि मराठी मंडळानं सोवळं म्हटलं. दोन्हीकडे त्याला चांगलाच शब्द तयार होता.

मंडळाच्या गणपतीला नैवेद्याचे मोदक कुणी करायचे यावरून दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे. आई आली आणि प्रश्न मिटला. मंडळाची सूत्रं एका काकूंच्या हातात होती. यजमान एअरफोर्समधून निवृत्त झालेले, त्यामुळे शिस्तीला पक्क्या. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आजकाल कोण पाळतंय हो एवढं? वहिनींकडून शिका जरा." आईनं मान खाली घातली. बायकांना तो विनय वाटला. त्या दिवशी दुपारचा नैवेद्य दिवेलागणीला दाखवला गेला. आईची तांदूळपिठी धुतलेल्या हातांनी पुन्हा धुतलेल्या परातीत पोचेपर्यंत गणपतीही उपाशी आणि भक्तही उपाशी. त्याचंही कौतुकच झालं.

वास्तविक आमच्या घरात सोवळं कुणी पाळलं नव्हतं. आईच्या साताऱ्याच्या माहेरी तर एकाचा अर्धा राहिलेला चहा दुसऱ्यानं संपवायची पद्धत होती. हे मी मंडळात सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही. शिवाय सोवळ्याला शेवट असतो. नेसलं, स्वयंपाक केला, देवाला दाखवला, सोडलं, जेवायला बसलं. आईचं कधी संपतच नसे. हात धुण्यात तिची पूजा राहून जायची आणि देव पारोसे राहायचे.

ती मला शिवत नव्हती. ताट सरकवून द्यायची. बारावीला मला फर्स्ट क्लास मिळाला, तेव्हा देवळात तीर्थ देतात तसा पेढा वरून हातावर सोडला. माझं डोकं फिरायचं. मी भांडायची ती हिंदीतच: "बस करो ना आई, क्या मिलता है धो-धोके?"

"काही नाही गं मिळत," ती म्हणायची आणि पुन्हा नळ सोडायची.

थंडीत तिचे हात फुटले, भेगांतून रक्त यायला लागलं. वडिलांनी लखनौच्या थंडीला दोष दिला. चामडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. ते चिकट लागतं म्हणून आईनं धुवून टाकलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "इंजीनियर साहब, हाथों में कुछ नहीं है. किसी मन के डॉक्टर को दिखाइए." वडिलांनी हे आम्हाला सांगितलं नाही. घरी येऊन ते तडक पाण्याच्या टाकीची गळती बघायला गच्चीवर गेले. टाकी गळत नव्हती.

त्याच सुमाराला पुण्याहून ताईचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय! वडील पेढे आणायला निघाले, तर आई म्हणाली, "अहो, तिला इकडे नका आणू."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला बाळाला हात लावता येणार नाही." मग तिनं दोन्ही हात पुढे केले. "हे स्वच्छ आहेत, हे काय मला कळत नाही? कळतं. तरी धुवावे लागतात. बाळाला पायांवर कशी घेऊ मी?"

इतकी वर्षं आम्ही तिला हात धुताना पाहत होतो. तिलाही ते नकोसं आहे, हे त्या दिवशी समजलं. मला तिची दया आली, आणि वडिलांचा भयंकर राग आला, कारण त्यांनी तेव्हा कुठे डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

आता जायला काय हरकत होती? पुष्कळ होती. रेल्वेच्या दवाखान्यात फुकट झालं असतं, पण ज्या बाबूच्या टेबलावरून चिठ्ठी पुढे सरकणार, त्याची बायको मंडळात. ताईच्या सासरी कळलं तर घराण्यात वेड आहे म्हणतील. मावशीनं फोनवर निदान केलं की कुलदेवतेची ओटी भरायची राहिली असणार. आणि खुद्द आई विचारत होती, "मला वेड लागलंय का हो?"

"छे! वेड्याला असं विचारायचं सुचत नाही," वडील म्हणाले. त्यांच्या परीनं ती समजूत होती.

शेवटी महानगरापासून लांब, अमीनाबादच्या बाजूला एक खासगी डॉक्टर शोधले. वडील स्कूटर दवाखान्याशी लावत नसत. अलीकडे एका कापडाच्या दुकानासमोर लावत, मला आणि आईला पुढे पाठवत आणि स्वतः दुकानात बसून मलमल घेत. कुणी भेटलं तर "खरेदीला आलो होतो" म्हणता यावं, आणि ते खोटंही नसावं. खोटं बोलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दर खेपेला घरात मलमल यायची.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "माताजी, धोने से डर जाता है?"

"जाता है."

"कितनी देर के लिए?"

आईनं जरा विचार केला. "नल बंद करूँ, तब तक."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की हात घाण असल्याचा विचार नको असताना घुसतो, धुतल्यानं तो घटकाभर गप्प बसतो आणि परत येताना जोर घेऊन येतो. हा आजार पुष्कळांना असतो, बहुतेक जण तो लपवतात. औषधाला काही आठवडे लागतील. सोबत सराव करायचा. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढेल, चढू द्यायची, मग ती आपली आपण उतरते.

सुरुवातीला औषधानं तिचं तोंड कोरडं पडायचं, बाकी गुण शून्य. सरावाला आई पदरात हात गुंडाळून बसायची आणि मी नळ अडवून उभी राहायची. ती मला कैदाशिणी म्हणायची, रडायची, हातापाया पडायची. मला ते बघवत नव्हतं, पण मी हलत नव्हते. ताईचे महिने भरत आले होते. एके दिवशी आई कडीला हात लावून आली, बसली, आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. वडील आणि मी बराच वेळ कुजबुजत बोलत राहिलो.

ऐन उन्हाळ्यात ताईला आमच्याकडेच मुलगी झाली. मलमलीची झबली आणि दुपटी झाली, तरी कापड उरलं.

गणपती जवळ आले तशा काकू बाळाला बघायला आल्या. आई जमिनीवर पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ, हात तेलानं माखलेले. काकू चहा पीत होत्या, वडील पेपर वाचत होते. तेवढ्यात बाळानं आईच्या लुगड्यावर धार सोडली. आईचे हात थांबले. मी तिच्या बोटांकडे बघत होते. वडिलांनी पेपर खाली केला.

"अगंबाई! वहिनी, उठा, आधी धुवून घ्या," काकू म्हणाल्या. "तुमचं तर केवढं सोवळं!"

"धुईन," आई म्हणाली. "घाई नाही." तिनं वाटीत बोटं बुडवली आणि बाळाच्या टाळूवर तेल घातलं. बोटं टाळूवर अगदी हलकी फिरली.

काकूंनी चहा संपवला. "बरं, मोदकांचं सांगायला आले होते. यंदाही तुमच्याकडेच."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा, काकू," आई म्हणाली. "मी आता बरी झालेय."

काकूंनी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आई आजारी होती, हेच त्यांना पहिल्यांदा कळत होतं.