मामाजींचे आकडे

रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाला आकडा घालण्याआधी माझे सासरे एकच विचारत, "हे वाचणार कोन?" आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. रस्ते खात्यात ते रंगारी होते. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दगड त्यांच्याकडे होते.

एकच पाच ते किती तऱ्हांनी लिहायचे! हुकमाप्रमाणे इंग्रजी आकडा, गाडीवानांसाठी खाली मराठी, सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू. लाकडाच्या डेपोत बोलावलं की ओंडक्यावर पाचाआधी दोन शून्यं. मी लग्न होऊन नवीनच आले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "नुसता पाच लिवला तं कोनी पुढं एक ठोकते, पंधरा करते. जागा भरून ठेवलेली बरी, बाई."

एकदा जंगलातून एक माडिया माणूस भावाच्या मदतीने बायकोला खाटेवर घालून आलापल्लीच्या दवाखान्यात नेत होता. ती अडली होती. मामाजी दगड रंगवत होते, तिथेच दोघांनी खाट खाली ठेवली. अजून किती चालायचं ते कळेना, म्हणून ते परत फिरायला निघाले होते. दगडावर आकडा होता, पण तो त्यांना वाचता येत नव्हता. मामाजींनी दगडाच्या मागच्या अंगाला दोन उभ्या रेघा ओढल्या, आलापल्लीकडे हात केला आणि मोडक्या गोंडीत सांगितलं, आता एवढंच. मग खाटेचा एक पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला.

बाळ-बाळंतीण वाचली. मामाजींनी त्यानंतर रस्त्याच्या एकेका दगडामागे आलापल्ली जितके मैल तितक्या रेघा ओढल्या.

ओव्हरसियर संतापले. "सरकारी दगडावर रेघोट्या काऊन? पुसून टाक."

"पुसाले सांगू नका, साहेब," मामाजी म्हणाले. "समोरचा आकडा तुमचा हाये, त्याले मी हात नाई लावला. मागचा त्या जंगलातल्या लोकाहीचा हाये."

नोकरी गेली. घरी येऊन त्यांनी रोजच्यासारखे ब्रश घासलेटात धुतले. सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आता कसं?"

"आता भात वाढ. भूक लागली."

पुढे ते दुकानांच्या पाट्या रंगवून राहिले. जुनी नोकरी परत मागायला कधी गेले नाहीत. सकाळी मात्र रस्त्याकडे पाहत बसत, तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

आमच्या यांची बदली वरोऱ्याला झाली. सासूबाई तोवर गेल्या होत्या, तरी मामाजी यायला तयार नव्हते. बसपाशी आले, चारोळीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. मी नमस्काराला वाकले तर पटकन पाय मागे घेतले.

"आपल्यात बापाच्या पाया लेक पडत नाई," म्हणाले, आणि मान वळवून बसचं चाक न्याहाळू लागले.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.