दोन सर्व्हर आणि मधला मी

कपाशीवर लाल्या, म्हणजे पानं लाल करणारा रोग, पडत होता त्या वर्षांत मी अमरावतीला व्हिडिओ कॉन्फरन्सचा कारभारी होतो. तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांनी पडद्यासमोर बसायचं, अकोल्याहून शास्त्रज्ञाने सल्ला द्यायचा आणि कोणाला कोणाशी जोडायचं हे माझ्या सर्व्हरने ठरवायचं. तो बसला की सगळे मुके.

म्हणून मी अकोल्याला दुसरा, राखीव सर्व्हर बसवला. दोघांनी सतत एकमेकांची खुशाली विचारायची. अमरावतीचं उत्तर आलं नाही की ती मेली समजून अकोल्याने गादी सांभाळायची. अकोल्याचा माझा जोडीदार सरकी-कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातला, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "भाईजान, मधात पंच ठेवा ना. कोण जिवंत, कोण मेला, सांगायले तिसरी मशीन पायजे."

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो, हात पसरले. "दोन शहाण्यांत तिसरा कशाला?"

ज्या मुलखात बांधा-धुऱ्यावरचं भांडण पंचाशिवाय मिटत नाही, तिथे मी हे बोललो. आवाज मात्र काय लागला होता!

पहिल्या बैठकीसाठी मी सफारी शिवून घेतली. बैठक सुरू झाली आणि मूर्तिजापूरजवळ रस्त्याच्या खोदकामात दोन सर्व्हरमधली तार तुटली. दोघेही ठणठणीत. अकोल्याला वाटलं अमरावती गेली. त्याने गादी घेतली. अमरावती गादीवरून उठली नाही. अर्धे तालुके तिकडे, अर्धे इकडे, आणि बैठका दोन. शास्त्रज्ञ अकोल्याच्या बैठकीत. दर्यापूर माझ्या बैठकीत, आणि दर्यापूरच्या पडद्यावर शास्त्रज्ञाच्या जागी सफारीतला मी.

तिथल्या एका बाईने मुळासकट उपटलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, झाड कॅमेऱ्यासमोर धरलं. "सायेब, पानं लाल होऊन राहिली. घरचे म्हणतात, सारी पऱ्हाटी मोडा, हरभरा पेरा. उद्या ट्रॅक्टर येते. मोडू का ठेवू?"

"मावशी, मी शास्त्रज्ञ नाही."

"मंग तिथं काहून बसले?"

मी टेबलावरचा फोन उचलून अकोल्याला लावला.

"आमचं तर मस्त सुरू हाये," जोडीदार म्हणाला. "तुमी मेले ना?"

"मी जिवंत आहे!"

"मले पंच नाई दिला. कसं समजणार?" मनसोक्त हसून त्याने फोन शास्त्रज्ञाकडे दिला.

"पानांच्या शिरा कशा आहेत?" शास्त्रज्ञाने विचारलं.

"मावशी, शिरा?"

"हिरव्या हायेत."

"हिरव्या!" मी दरबारातल्या दूतासारखा गरजलो.

"आधी जुनी पानं लाल झाली की नवी?"

"खालची, जुनी," बाई म्हणाली. मी तेही गरजलो.

"मग मोडायची गरज नाही. मॅग्नेशियम कमी पडतंय. फवारणी करायला सांगा."

मी सांगितलं, भरपूर हातवारे करून. बाई बधली नाही. "तुमचं नाई, बाप्पा. त्यायच्या तोंडून ऐकू द्या."

मी रिसीव्हर माइकला टेकवून धरला. शास्त्रज्ञाने पुन्हा सगळं सावकाश सांगितलं. काय फवारायचं, किती पाण्यात, कोणत्या वेळी. बाई मान हलवत ऐकत राहिली. मग मागे वळून कुणाला तरी म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्याले सांग, येऊ नको म्हणा."

ती उठली, आणि तिच्या जागी दुसरा माणूस आपली पऱ्हाटी घेऊन बसला. मी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.