एका खड्ड्याची परवानगी

पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी एका सोमवारी सकाळी माझ्यावर आली. पुण्याच्या हेड ऑफिसमधून आलेल्या मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं. येणाऱ्या पिढ्या आपल्याकडे आशेनं पाहत आहेत, असंही होतं. सोबत चाळीस पानांची पीडीएफ होती, ती रंगीत छापून ऑफिसच्या दर्शनी भागात लावायची होती. शेवटी एक फॉर्म. त्यात भरायचे रकाने दोनच: झाडे किती लावली, आणि फोटो.

मी तो मेल वाचला तेव्हा पेठ वडगावच्या रस्त्यावर एका चिंचेखाली उभी होते. मागं जेसीबी सुरू होता. ती चिंच आम्ही दुपारपर्यंत मारणार होतो.

मी कोल्हापूर भागातल्या फायबरची देखभाल बघते. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून उजेड जातो आणि त्या उजेडावर तुमचा फोन, बँक, सातबारा, सगळं चालतं. अशा कित्येक तारा एका केबलमध्ये असतात आणि केबल रस्त्याकडेनं जमिनीखालून जाते. त्या सकाळी वडगावची केबल तुटली होती. त्या लाइनवर एक ग्रामीण रुग्णालय होतं, दोन बँका होत्या आणि फोन करून ओरडणारी बरीच माणसं होती.

केबल कुठं तुटली हे शोधायला ओटीडीआर नावाचं मशीन असतं. विहिरीत खडा टाकून आवाज कधी येतो त्यावरून खोली ओळखतात, तसंच. मशीन काचेत उजेड सोडतं, तुटलेल्या जागेवरून तो परत येतो, आणि मशीन अंतर सांगतं. आमच्या कोल्हापूरच्या केंद्रावर मशीनपाशी माझी सहकारी वैशाली बसली होती. तिनं अंतर सांगितलं, मी नकाशावर बोट ठेवलं. बोट बरोबर चिंचेच्या बुंध्यावर आलं.

चिंच बाबगोंडा मगदूम यांच्या शेताच्या बांधावर होती. तिच्याच सावलीत त्यांचा गोठा. चार म्हशी, एक रेडकू. मगदूम अण्णा खाटेवर बसले होते. खाट त्यांनी जेसीबीच्या तोंडासमोर टाकली होती.

"अण्णा, रुग्णालयाची लाइन बंद आहे," मी म्हणाले.

"असंल की. मी कुठं न्हाय म्हंतोय? पर दोन वर्सामागं असंच आलतासा. थितं आंबा हुता." त्यांनी मोकळ्या जागेकडं हात केला. "तीन खड्डं मारलासा. मुळं तोडलासा. आंबा वाळला. आता चिंच बी न्हेतासा व्हय?"

तो आंबा माझ्याच सहीनं गेला होता. त्या वेळीही बोट आंब्यावर आलं होतं. तिन्ही खड्ड्यांत केबल चांगली निघाली होती आणि शेवटी आम्ही तो सगळा तुकडाच बदलून टाकला होता. एका फॉल्टला तीन-चार खड्डे, हा आमच्याकडं रिवाजच होता. त्याला आम्ही 'शोधकार्य' म्हणायचो. त्याचं डिझेल, उकरलेला रस्ता, टाकून दिलेली केबल, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

पुण्याच्या साहेबांना फोन केला.

"साठ मीटर चर मारा आणि विषय संपवा," ते म्हणाले.

"सर, चिंच जाईल. मोठी आहे."

"मग तिच्या जागी दहा लावू. टार्गेटमध्ये धरता येतील. मेल पाहिला ना?"

मी मेल पाहिल्याचं सांगितलं.

अण्णांनी सगळं ऐकलं होतं. फोन स्पीकरवर नव्हता, पण साहेबांना त्याची गरज पडत नाही. "बाई," ते म्हणाले, "दवाखाना माझा बी हाय. एक खड्डा देतो. कुठं मारायचा ते तुमी ठरवा. एकच. चुकला तर माती मी सोता लोटनार आन् ह्या खाटंवर पावसाळा काढनार."

एकच खड्डा. मी रसूलभाईंकडं पाहिलं.

रसूलभाई मुल्लाणी आमचे जॉइंटर. तुटलेली काच काचेला जोडणं हे त्यांचं काम, आणि ही सगळी लाइन मुळात त्यांनीच जोडलेली. ते नकाशाकडं बघत नव्हते. स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

"मॅडम, ह्यो नकाशा खोटा हाय," ते म्हणाले.

"कुणी केला?"

"मीच की."

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या प्रत्येक जॉइंटरला माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. रस्त्यात ठरावीक अंतरावर झाकणाचे हौद असतात, त्यांना चेंबर म्हणतात. प्रत्येक चेंबरमध्ये थोडी जादा केबल वेटोळं करून ठेवतात. वाढत्या मुलीच्या फ्रॉकला आई आत दुमड ठेवते, तशी. याला लूप म्हणतात. लूप दहा मीटरचा असावा, हा कंपनीचा नियम. जास्त ठेवला तर फॉर्ममध्ये तो 'वेस्टेज' या रकान्यात जातो आणि लेखी खुलासा द्यावा लागतो.

पण आमच्याकडं दूधवालासुद्धा माप भरल्यावर वरून एक धार सोडतो. रसूलभाई प्रत्येक चेंबरमध्ये पंचवीस, तीस, कुठं पस्तीस मीटर सोडत गेले. आणि फॉर्मवर दहा लिहीत गेले.

"उद्या तुटलं तर वढायला केबल नगो व्हय? खाली हुतरनार मी. कागुद काय हुतरनार हाय?"

"मग खरा आकडा लिहायचा होता."

"लिवला हुता एकदा. चार पानी खुलासा मागितला. मला काच जोडाय येती, खुलासा न्हाय."

म्हणजे मशीन खरं बोलत होतं. ते काचेची लांबी सांगत होतं, वेटोळ्यांसकट. आम्ही दर चेंबरला दहाच मीटर वजा करून उरलेली लांबी रस्त्यावर सरळ पसरत होतो. त्यामुळं आमचं बोट दर वेळी पुढं जात होतं. तुटायचं एकीकडं, आणि उकरायचो आम्ही आंब्याखाली.

आता खरी जागा कशी काढायची? उपाय सोपा होता. चिंचेच्या अलीकडं, नकाशाप्रमाणं दोनशे चाळीस मीटरवर, एक चेंबर होता. रसूलभाई आत उतरले. जॉइंटचा डबा उघडून त्यांनी एक काच पेन्सिलीभोवती अलगद वाकवली. काच वाकली की तिथून उजेड सांडतो आणि मशीनवर तेवढ्याच जागी खाच दिसते.

"दिसली का गं?" मी वैशालीला फोनवर विचारलं.

"दिसली. तुटलेल्या जागेच्या नव्वद मीटर अलीकडं."

नव्वद. चिंच दोनशे चाळीसवर.

"भाई, डब्यापासून पुढं जाणारा लूप किती?"

केबलच्या सालीवर कारखान्यातच दर मीटरला आकडा छापलेला असतो. शिंप्याच्या टेपसारखा. रसूलभाईंनी ओल्या फडक्यानं चिखल पुसला आणि वाचून सांगितलं. तीस मीटर.

नव्वदातून तीस गेले, साठ. आम्ही टेपनं साठ मीटर मोजलं. तिथं मोरी होती, तण होतं आणि मोडकी सिमेंटची पाइप. झाड एकही नव्हतं.

जेसीबी परत पाठवला. रसूलभाईंनी आणि मी कुदळ-फावड्यानं खणलं. अण्णा खाट उचलून तिथं घेऊन आले आणि खड्ड्याच्या काठावर टाकून बसले. कमरेएवढं खणल्यावर केबलची प्लास्टिकची पाइप लागली. उंदरांनी ती अशी कुरतडली होती की आतली केबलही तुटली होती. तुटलेली जागा आमच्या खुणेपासून हातभर अंतरावर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रसूलभाईंनी कपाळ पुसलं. जॉइंट करायला त्यांना दीड तास लागला. वैशालीचा फोन आला, "आलं सगळं." ओरडणाऱ्या माणसांपैकी कुणाचाही फोन आला नाही. आमच्या धंद्यात याला अभिनंदन म्हणतात.

अण्णा बराच वेळ चिंचेकडं आणि मोरीकडं आळीपाळीनं बघत होते. "म्हंजे मागल्या टायमाला बी हिकडंच कुठंतरी तुटलं असणार."

"असणार," मी म्हणाले.

"आन् आंबा उगंच गेला."

"चूक माझी हाय, अण्णा. लूप माझं," रसूलभाई म्हणाले.

"सही माझी," मी म्हणाले.

अण्णांनी दोघांकडं पाहिलं. "च्या घेतासा न्हवं?" म्हणाले आणि घराकडं बघून तीन चहा सांगितले. एवढ्यावर माफी मिळाली असं मी धरून चालते.

त्यानंतरचे दोन महिने रसूलभाई आणि मी त्या लाइनवरचं एकेक झाकण उघडत गेलो. चिखल पुसायचा, छापलेला आकडा वाचायचा, खरी लांबी लिहायची. एका चेंबरमध्ये चाळीस मीटर निघाले. रसूलभाई म्हणाले, "त्या दिवशी माझ्या पोरीचं लगीन ठरलं हुतं." पुण्याहून वेस्टेजचा खुलासा मागवला गेला. मी एका ओळीत लिहिलं की केबल वाया गेलेली नाही, हौदात आहे, येऊन बघा. कुणी आलं नाही.

नकाशा खरा झाला. तेव्हापासून त्या लाइनवर एका फॉल्टला एक खड्डा लागतो, तोही कुदळीनं. जेसीबीवाल्यानं नमस्कार करणं सोडलंय. आमच्या बोलेरो गाडीला पूर्वी एका फॉल्टसाठी तीन-तीन फेऱ्या पडायच्या, आता एक पडते. पुढं गडहिंग्लज आणि चंदगडच्या लाइनवरही आम्ही तेच केलं. तिकडच्या जॉइंटरनाही हात आखडता घेता येत नव्हता, हे तिथं कळलं. पर्यावरण वाचवायचं तर आधी आपल्या हाताखालच्या माणसाला खरा आकडा लिहू द्यावा, एवढंच मी यातून शिकले. यासाठी चाळीस पानं लागत नाहीत.

फॉर्म मी भरला. झाडे लावली: शून्य. फोटो: चिंचेचा.

तो फोटो पुण्यात फार आवडला. पुढच्या महिन्यात तिथून एक टीम आली, अण्णांना शाल दिली आणि चिंचेवर पत्र्याची हिरवी पाटी लावली: 'हे झाड आम्ही जपले.'

पाटी बुंध्यात ठोकलेल्या सहा खिळ्यांवर आहे.